जेडची पानं लावली तरी रोप का येत नाही? (घरातली रसाळ झाडं आणि त्यांची रोपं)

अंगणवेल

बागकामाच्या गप्पांच्या पानावर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, म्हणून हा वेगळा धागा काढते. प्रश्न असा की, जेडचं पान मातीवर ठेवलं की रोप येतं असं सगळे सांगतात, व्हिडिओत तसं दिसतंही, मग आमच्याकडची पानं नुसती सुकून का जातात?

बहुतेक वेळा पाण्याचा किंवा मातीचा दोष नसतो. तुमच्याकडचं झाड मुळात जेड नसतंच.

पुण्यात सोलापूर रस्त्याला मांजरीपासून उरुळी कांचनपर्यंत रांगेने नर्सऱ्या आहेत. तिथे किंवा मुंबईत एखाद्या स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर 'जेड' मागा, हातात येतं ते बहुतेक करून पोर्चुलॅकारिया आफ्रा. खरं जेड म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेच्या बाजूची, दोन्हींची पानं गुबगुबीत, पण कुळं वेगळी आणि रोप करायची रीतही वेगळी. विकणाऱ्याने दोघांनाही 'लकी प्लांट' म्हटलं की घेणाऱ्याला फरक कळायला वावच राहत नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. लोक उमेदीने पानं लावतात, ती सुकतात आणि 'आपल्या हाताला गुण नाही' म्हणून बागकामच सोडून देतात.

ओळखायचं असं. क्रॅसुलाचं पान अंगठ्याच्या पेराएवढं किंवा त्याहून मोठं, जाड आणि चकचकीत. चांगल्या उन्हात असेल तर कडेला लालसर रेघ येते. खोड आधी हिरवट, मग करडं आणि बऱ्यापैकी जाडजूड. पोर्चुलॅकारियाचं पान नखाएवढं, त्यामानाने पातळ. कोवळ्या फांद्या तांबूस-तपकिरी, आडव्या पसरणाऱ्या, लोंबणाऱ्या, आणि वाढ भराभर. घोळीची भाजी निवडायची सवय असेल तर हे पान लगेच ओळखीचं वाटेल. जुन्या वर्गीकरणात ते घोळीच्याच कुळात होतं.

क्रॅसुलाच्या पानाच्या बुडाशी नवा कोंब तयार करायची ताकद असते. पान बुडासकट अखंड निघालं तर तिथे आधी मुळं आणि मग इवल्या पानांची जोडी येते. पोर्चुलॅकारियाच्या सुट्या पानाला कधीकधी मूळ फुटतं, पण कोंब सहसा येत नाही. त्याचा कोंब फांदीवरच्या डोळ्यातून येतो, म्हणून त्याची फांदीच लावायची. फांदी लावलीत तर इतकं सोपं झाड दुसरं नाही.

पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी धारदार कात्रीने कापा. खालच्या तीन-चार बोटांवरची पानं काढा आणि फांदी सावलीत, वाऱ्यावर, कागदावर आडवी ठेवा. कापलेल्या तोंडावर खपली धरू द्या. पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत दोन-तीन दिवस पुरतात, किनाऱ्याकडे आठवडाभर थांबा. बोट लावून बघा: तोंड कोरडं, कडक आणि किंचित आत ओढल्यासारखं लागलं पाहिजे. मग जेमतेम ओलसर, भुसभुशीत मिश्रणात खोचा आणि पुढचे पाच-सात दिवस पाण्याला हात लावू नका. मुळंच नाहीत तर पाणी पिणार कोण? तेवढे दिवस फांदी स्वतःच्या साठ्यावर काढते. पानं थोडी सुरकुततील, ते चालतं. तीन-चार आठवड्यांनी अगदी हलकेच ओढून बघा. धरून ठेवल्यासारखं लागलं की मुळं आली.

क्रॅसुलाचं पान काढताना वर खेचू नका. बुडाशी चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा, म्हणजे सांध्यापासून अख्खं सुटतं. बूड खोडावरच राहिलं तर त्या पानातून काही येणार नाही. दोन-तीन दिवस सुकवा आणि मातीवर नुसतं आडवं ठेवा, पुरू नका. मुळं दिसायला तीन-चार आठवडे, रोप म्हणावं असं काही व्हायला दोन-तीन महिने. जुनं पान सुरकुतत जातं कारण बाळरोप त्यातलंच पाणी पीत असतं, म्हणून ते आपणहून गळेपर्यंत काढू नका.

आपल्याकडे यासाठी उत्तम काळ म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. प्रश्न विचारा, अनुभव लिहा. शक्य असेल तर फोटो टाकाच, ओळख पटवायला सोपं जातं.

तिसरा_मजला

अंगणवेल, तुझं वाचून लगेच बाल्कनीत जाऊन बघून आले. नखाएवढी पानं, तांबूस फांद्या! म्हणजे पोर्चुलॅकारिया. एका ट्रेमध्ये पानं पसरून ठेवली आहेत, काहींना गुलाबीसर मुळंही आहेत. आता त्यांचं काय करू? आणि ते 'भुसभुशीत मिश्रण' म्हणजे नेमकं काय घ्यायचं ते सविस्तर लिही ना. आमच्याकडे ठाण्यात वाळू मिळतच नाही.

अंगणवेल

त्या पानांवर आता वेळ घालवू नकोस, कंपोस्टमध्ये टाक. त्याच झाडाच्या चार फांद्या छाटून लाव. छाटल्याने मूळ झाडही डेरेदार होईल.

मिश्रणाबद्दल जरा सविस्तरच लिहिते, कारण निम्मी झाडं तिथेच जातात.

नदीची वाळू आता सहज मिळत नाही आणि ती उपसणं नदीला परवडणारंही नाही. बांधकामाच्या ठिकाणी मिळते ती क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली. ती चालते, पण तिच्यात भुकटी फार असते. तीच भुकटी पाण्याबरोबर खाली बसून सिमेंटासारखी घट्ट होते. म्हणून आधी चाळणीने भुकटी काढून टाका, मग उरलेली धुऊन घ्या. हवे आहेत ते ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतच्या मापाचे कण. दुसरा उत्तम आणि फुकट पर्याय म्हणजे विटांचे तुकडे. जुन्या, लाल, भाजलेल्या विटा फोडा, याच मापाचे तुकडे घ्या आणि भुकटी टाकून द्या. वीट सच्छिद्र असते, थोडं पाणी धरते आणि हळूहळू सोडते. प्युमिस, परलाइट असे हलके, सच्छिद्र खडे विकत मिळतात, पण वीट असताना त्यांच्यावाचून अडत नाही. लाकडी कोळशाचे बारीक तुकडेही चालतात.

पुणे, नाशिक, सातारा भागासाठी: निम्मे असे कण, पाव भाग लाल माती, पाव भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत. ठाणे, मुंबई, कोकण, गोव्यासाठी कण पाऊण भागापर्यंत न्या. मूठभर कडुनिंबाची पेंड घातली तर उत्तम. काळी माती मात्र नको. ती भिजली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते, आणि त्या ओढाताणीत बारीक मुळं तुटतात.

परीक्षा सोपी आहे. कुंडी भरा आणि वरून तांब्याभर पाणी ओता. काही सेकंदांत ते खालच्या भोकातून बाहेर आलं पाहिजे. वर तळं साचलं तर कण आणखी घाला.

शिवाय नर्सरीतून आणलेलं झाड ज्या मातीत असतं ती लगेच बदला. बहुतेक वेळा लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो किंवा नुसता कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा ठोकळा. तो गोळा तसाच नव्या कुंडीत ठेवला तर भोवतालचं मिश्रण कितीही चांगलं असो, मुळं त्या गोळ्यातच अडकून बसतात. कोकोपीटचं दुखणं वेगळं: एकदा पूर्ण वाळलं की पाणी आत घेतच नाही, वरच्या वर कडेने वाहून जातं. आपल्याला वाटतं पाणी दिलं, झाड तहानलेलंच. हाताने अलगद मोकळं करा, मुळं झटका, दोन दिवस सावलीत राहू द्या आणि मग लावा.

कुंडीकाका

छान चर्चा. एक भर घालतो. कुंडीच्या तळाला खापऱ्यांचा आणि खडीचा चांगला चार बोटं थर द्यावा, म्हणजे पाण्याचा निचरा होतो. आम्ही आयुष्यभर असंच करत आलो, माळीही तेच सांगतात.

मुरमाड

काका, तुमच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर आहे. तरी या एका मुद्द्यावर थोडं वेगळं सांगतो. माझं शिक्षण मृदाशास्त्रातलं आहे म्हणून लिहायचं धाडस करतोय.

घरी करून बघा. भांडी घासायचा जाड, आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. टपटपणं पूर्ण थांबू द्या. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. परत पाणी गळायला लागेल, आणि ते थांबल्यावरही खालची कड ओलीचिंब राहील.

कुंडीतही हेच होतं. मातीच्या कणांमधल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात, गुरुत्वाकर्षण ते खाली ओढतं. या दोघांच्या ओढीत तळाशी एक पट्टा कायम ओला राहतो. त्याची उंची कणांच्या मापावर ठरते. बारीक माती असेल तर पट्टा जाड, रवाळ असेल तर पातळ. आता खाली खडी घातली की काय होतं? बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळीत सहजासहजी उतरत नाही, वरच थांबतं. म्हणजे तोच ओला पट्टा चार बोटं वर सरकतो आणि थेट मुळांशी येतो. कुंडी मात्र चार बोटं उथळ झालेली असते.

म्हणून निचरा हवा असेल तर अख्खं मिश्रणच रवाळ करायचं. भोकावर एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा जरूर ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. तेवढ्यासाठी खापरी योग्यच आहे.

कुंडीकाका

मुरमाड, स्पंजाचा प्रयोग आत्ताच नातीला घेऊन केला. पटलं. उद्यापासून थर बंद, खापरी एकच. एवढं नीट समजावून सांगितलंत, आभारी आहे.

वऱ्हाडी_ऊन

नागपूरहून लिहून राहिलो. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. खरं जेड आहे माझ्याकडं, मोठ्या पानाचं, बहिणीनं बंगलोरहून आणलेलं. उन्हाळ्यात पानं करपतात आणि गळून पडतात. पाणी वाढवलं तर आणखी गळतात. काय करावं?

अंगणवेल

दादा, पाणी वाढवू नका, हेच पहिलं. तेवढ्या उष्णतेत क्रॅसुला वाढ थांबवून स्वस्थ बसतं. मुळं पाणी ओढत नाहीत, माती गरम आणि ओली राहते आणि मुळं सडतात. पानं गळतात ती तहानेने नाही, सडल्यामुळे. तहानेलं पान मऊ आणि सुरकुतलेलं लागतं. सडणाऱ्या झाडाचं पान पिवळट, पारदर्शक होऊन बोट लावताच पडतं.

मार्चपासूनच झाड पूर्वेकडे न्या, सकाळी आठ-नऊपर्यंतचं ऊन पुरे. गच्चीवर ठेवायचं असेल तर ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी हवी. आणि कुंडीचं बघा. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात इतकी तापते की कडेची मुळं आतल्या आत भाजतात. ती एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा आणि मधली जागा विटांच्या तुकड्यांनी भरा. स्लॅबवर थेट नको, दोन विटांवर ठेवा. पाणी आठ-दहा दिवसांनी, सूर्य मावळल्यावर, माती पूर्ण वाळली असेल तरच.

बाकी तुमच्या उन्हाला पोर्चुलॅकारिया जास्त मानवेल. ते झाड उन्हाळ्यातही तग धरतं.

वऱ्हाडी_ऊन

पानाची ओळख चांगली सांगितली ताई. माझी पिवळट होऊनच पडत होती. आता समजलं.

दर्याकाठ

आमची नेमकी उलटी तऱ्हा. मालवणजवळ घर. जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरशी येते. इचेव्हेरिया, म्हणजे ती गुलाबासारखी दिसणारी राखाडी रोपं, दर पावसाळ्यात जातात. आणायचीच बंद करावीत का?

मुरमाड

स्पष्ट सांगतो: हो. इचेव्हेरिया मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, कोरडी हवा आणि गार रात्री मागणारी. महाबळेश्वर-पाचगणीला हिवाळ्यात ती देखणी होते, पण तिथल्या पावसातही उघड्यावर टिकणार नाही. मालवणात तिला जगवणं म्हणजे तिच्यावर आणि तुमच्यावर दोघांवरही अन्याय.

तुमच्याकडे रमणारी झाडं लावा. पोर्चुलॅकारिया, स्नेक प्लांट, पानफुटी, कोरफड, अडेनियम. मात्र पावसात ती वळचणीला घ्या, अशी की पागोळ्या कुंडीत पडणार नाहीत पण वारा लागेल. पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की आतल्या कुंडीला पंधरा-वीस दिवस पाणी नाही दिलं तरी चालतं. दोन कुंड्यांमध्ये हात जाईल एवढं अंतर ठेवा. दाटीवाटीत वारा खेळत नाही आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

दर्याकाठ

पानफुटी तर आमच्या गडग्यावर आपोआप उगवलेली आहे! तिला कधी रसाळ झाड म्हणून मोजलंच नव्हतं.

फळा_खडू

पानफुटीचा विषय निघालाच आहे तर लिहिल्यावाचून राहवत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि दरवर्षी सातवी-आठवीच्या मुलांना हे सांगते.

पानफुटी मूळची मादागास्करची. १८१३ साली बेंजामिन हेन नावाच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात राहिलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने लंडनला एक पत्र लिहिलं. त्याच्या बागेत पानफुटी होती आणि त्याने तिचं पान वेगवेगळ्या वेळी चावून पाहिलं होतं. सकाळी पान चांगलंच आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट. लंडनच्या लिनियन सोसायटीने ते पत्र पुढे छापलं.

त्याला कारण माहीत नव्हतं. ते आपल्याला माहीत आहे. कोरड्या प्रदेशातली ही झाडं दिवसा पानांवरची रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जायची बारीक छिद्रं, बंद ठेवतात, म्हणजे पाणी उडत नाही. रात्री गारव्यात रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा दारं बंद करून तोच साठा वापरत अन्न बनवतात. सकाळी साठा भरलेला, म्हणून पान आंबट. संध्याकाळी साठा संपलेला. या पद्धतीला नावच क्रॅसुलाच्या कुळावरून पडलं आहे.

यातून बागेसाठीही एक गोष्ट मिळते. या झाडांचा श्वास रात्री चालतो, म्हणून त्यांना गार रात्री हव्यात. ऑक्टोबरनंतर पुण्या-नाशकात ती तरारतात आणि मुंबईच्या उकाड्यात रेंगाळतात ती याच कारणाने.

आणि अंगणवेल, पोर्चुलॅकारियाचं पान खाता येतं. झाडाला पाण्याचा ताण असेल तेव्हा तेही हीच पद्धत वापरतं, आणि चव छान आंबटसर असते. दक्षिण आफ्रिकेत ॲडो राष्ट्रीय उद्यानातले हत्ती हीच झाडं मोठ्या आवडीने खातात. मुलांना मात्र सांगून ठेवा की झाडाची शंभर टक्के ओळख पटल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही. शेर, त्रिधारी निवडुंग यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते.

तिसरा_मजला

फळा_खडू, किती सुंदर माहिती! उद्या सकाळी आणि संध्याकाळी लेकीबरोबर एकेक पान चाखून बघणार.

मांजरांची_माय

पान खाण्यावरून आठवलं. आमच्याकडे दोन मांजरं आहेत आणि त्यांना कुंडीतलं काहीही कुरतडायची सवय. जेड विषारी असतं असं वाचलं, मग सगळी उचलून टाकू का?

अंगणवेल

इथेही कोणतं झाड आहे त्यावरच सगळं ठरतं. खरं जेड, क्रॅसुला, मांजरा-कुत्र्यांना बाधतं. ओकाऱ्या होतात, मलूल पडतात, चालताना तोल जातो. पोर्चुलॅकारिया बिनविषारी आहे. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या यादीतही जेड विषारी म्हणून नोंदलेलं आहे. हावर्थिया हे छोटं रसाळ झाडही चालेल. कोरफड, पानफुटी आणि स्नेक प्लांट मात्र मांजराच्या आवाक्यात नको. काही खाल्ल्याची शंका आली तर घरगुती उपाय करत न बसता पशुवैद्याकडे न्या, झाडाची फांदी बरोबर घेऊन.

सई_बॉस्टन

धागा वाचून गंमत वाटली, कारण आमच्याकडे जेड म्हटलं की मोठ्या पानाचंच येतं. मला शेजारच्या आजींनी दिलेल्या फांदीचं झाड आता कमरेएवढं झालंय. इथे अडचण उन्हाची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवस लहान आणि खोलीतला हीटर चालू. फांद्या लांबुडक्या होतात, दोन पानांमध्ये अंतर पडतं. दक्षिणेच्या खिडकीत ठेवते. आणखी काय करता येईल? आणि पुढच्या डिसेंबरात घरी येतेय, आईसाठी याची एक फांदी आणता येईल का?

अंगणवेल

सई, थंडीत दोन गोष्टी कर. पाणी महिन्यातून एकदा, तेही थोडंच. उजेड कमी आणि पाणी जास्त, यातूनच त्या लांबुडक्या फांद्या येतात. दुसरं, साधा पांढरा एलईडी ग्रो लाइट झाडाच्या वर हात-दीड हातावर लाव आणि रोज बारा तास चालू ठेव. हीटरच्या अगदी शेजारी नको. रात्री जरा गार राहील अशी खोली असेल तर तिथे ठेव. मोठ्या झाडाला लांब, गार रात्री मिळाल्या की थंडीत पांढरी-गुलाबी चांदणीसारखी फुलं येतात, ती आमच्या फ्लॅटमध्ये क्वचितच दिसतात! लांबुडक्या फांद्या एप्रिलमध्ये छाट. त्या पुन्हा आखूड होत नाहीत, पण छाटल्या जागेखालून दोन-दोन नवे कोंब येतात.

फांदी मात्र आणू नकोस गं. भारतात जिवंत रोप किंवा फांदी आणायची तर प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ प्रमाणे आधी आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. बॅगेतून तसंच आणणं नियमाविरुद्ध आहे आणि त्यामागचं कारणही रास्त आहे. एखादी कीड बरोबर आली तर इथल्या शेतीला ती महागात पडू शकते. आईंना खरं जेड इथेच मिळेल, फक्त पान बघून घ्यायला सांग. पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं, तिथल्या स्टॉलवर विचारता येईल.

कुंडीकाका

माझ्या पोर्चुलॅकारियाच्या फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतंय. चिकटही लागतं. मुंग्या फार आहेत.

मुरमाड

काका, ते पिठ्या ढेकूण. मुंग्या त्यांचा गोड स्राव खातात आणि बदल्यात त्यांना या झाडावरून त्या झाडावर पसरवतात. म्हणून मुंग्यांची रांग दिसली की आधी बेचकी तपासायची.

झाड आजच बाकीच्यांपासून लांब ठेवा. कानात घालायच्या कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावा आणि एकेक ठिपका पुसून काढा. पानाच्या मागे, कुंडीच्या काठाखाली, तळाच्या भोकाशीही बघा, ते तिथे लपतात. दर चार-पाच दिवसांनी परत, कारण अंडी एका फेरीत मरत नाहीत. प्रादुर्भाव जास्त असेल तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घोळून ऊन उतरल्यावर फवारा. हे तेल इचेव्हेरियासारख्या राखाडी, मेणचट पानांवर मारू नका. त्यांच्यावरचा नैसर्गिक थर निघून जातो आणि तो त्या पानावर परत येत नाही.

एवढं करूनही झाड मलूल राहिलं तर कुंडीतून काढून मुळं बघा. मुळांनाही हीच कीड लागते. तिथे पांढरा कापूस दिसला तर सगळी माती टाकून द्या, मुळं धुवा, दोन-तीन दिवस सुकवा आणि नव्या मिश्रणात लावा.

दर्याकाठ

पाण्याबद्दल एक विचारू? घरात आरओ बसवलाय, त्याचं वाया जाणारं पाणी बादलीभर निघतं. तेच झाडांना घालतो.

मुरमाड

लादी पुसायला, संडासात ओतायला वापरा, रसाळ झाडांना नको. आरओने बाजूला काढलेले सगळे क्षार त्यात असतात. छोट्या कुंडीत ते साठत जातात, मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी पापुद्री धरते आणि मुळांची टोकं जळतात. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी असलेल्यांनीही महिन्या-दोन महिन्यांतून एकदा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने कुंडी खळखळून धुऊन घ्यावी. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात.

मांजरांची_माय

सगळं वाचून पोर्चुलॅकारियाच ठेवायचं ठरवलं. त्याचं बोन्साय करतात ना? मला शिकायचंय.

कुंडीकाका

हे मात्र माझ्या आवडीचं काम! पोर्चुलॅकारिया बोन्सायला उत्तम, कारण छाटणी कितीही सोसतं आणि पानं मुळात लहान असतात. नवख्याने वड-पिंपळाऐवजी यापासूनच सुरुवात करावी. मनगटाएवढी जाड फांदीसुद्धा मुळं धरते, फक्त तोंड सुकायला दोन-तीन आठवडे द्यायचे. बारीक फांदीपासून खोड जाड व्हायची वाट बघत बसण्यापेक्षा ओळखीच्या कुणाच्या जुन्या झाडाची छाटणी होईल तेव्हा जाड फांदी मागून घ्या.

पहिलं वर्ष मोठ्या कुंडीत मोकळं वाढू द्या. मग फांद्या निवडायच्या: समोरासमोरच्या दोनांपैकी एक ठेवायची, आत वळलेल्या काढायच्या. पानं जोडीजोडीने येतात आणि प्रत्येक जोडी आधीच्या जोडीला आडवी, त्यामुळे कुठल्या जोडीवर छाटलं तर फांदी कुठे वळेल हे आधीच कळतं. ते एकदा डोळ्याला दिसायला लागलं की तारेची गरज फारशी पडत नाही. तार बांधलीच तर सैल, आणि दर आठवड्याला बघायचं. हे खोड मऊ असतं, तार पटकन रुतते. छाटायच्या आधी चार-पाच दिवस पाणी तोडा, नंतरही तेवढेच दिवस कोरडं राहू द्या. भरल्या फांदीवर केलेली जखम सडते. आणि हो, छाटलेल्या काड्या टाकू नका, सगळ्या लावा. शेजाऱ्यांना द्यायला रोपं होतात.

तिसरा_मजला

काका, हे पानांच्या जोड्यांचं कधी लक्षातच आलं नव्हतं. वेगळा धागा काढा ना बोन्सायवर.

अंगणवेल, शेवटचा प्रश्न. पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचं पान तुकडे करून लावलं होतं. रोपं आली, पण सगळी साधी हिरवी. असं का?

अंगणवेल

काकांच्या धाग्यासाठी माझाही आग्रह.

स्नेक प्लांटचं सांगते. ती पिवळी कड म्हणजे त्या पानात दोन वेगळ्या पेशींचे थर एकत्र वाढलेले असतात. मूळ गड्ड्यातून पिल्लू येतं तेव्हा दोन्ही थर बरोबर येतात. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब येतो तो आतल्या हिरव्या पेशींतून, म्हणून रोप हिरवंच येतं. त्यात काहीच बिघडलेलं नाही, ती रोपं दणकट होतील.

पिवळी कड हवी असेल तर गड्डा विभागून लाव. फेब्रुवारी संपता संपता झाड कुंडीतून काढ, माती झटक, जाड पिवळसर गड्डा दिसेल. धारदार सुरीने असे तुकडे कर की प्रत्येकाला निदान दोन पानं आणि थोडी मुळं राहतील. कापलेल्या जागी राख किंवा हळद लाव, दोन-तीन दिवस सावलीत ठेव आणि मग गड्डा जेमतेम झाकेल एवढंच खोल लाव. खोल गेला तर सडतो. पहिलं पाणी आठवड्याने. हिरवा प्रकार पानाच्या तुकड्यातून वाढवायचा असेल तर चार-चार बोटांचे तुकडे कर आणि झाडावर असताना जे टोक खाली होतं तेच मातीत जाऊ दे. उलटं खोचलं तर मुळं येत नाहीत, म्हणून कापतानाच प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाला पेनाने खूण करून ठेव.